मुद्दाम केलेली चूक

गेल्या डिसेंबरात मुलींच्या आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना एक संघ हरला. त्या पराभवाला मी जबाबदार आहे. मी खेळलो नव्हतो. मी प्रेक्षकांच्या बाकावर बसून भेळ खात होतो. तरीही जबाबदार मीच, असा निकाल आमच्या घरी लागलेला आहे आणि त्यावर अपील नाही.

हकिगत अशी. सामना संपायला सात-आठ सेकंद उरले होते. आमची कन्या ज्या संघात खेळते तो तीन गुणांनी पुढे. चेंडू समोरच्या संघातल्या एका उंच मुलीकडे आणि तिच्या पुढ्यात आमची कन्या. अशा वेळी मैदानाच्या कडेला उभे असलेले सर जिवाच्या आकांताने ओरडले, "फाउल कर! फाउल कर!" आणि त्याच क्षणी प्रेक्षकांतून त्याहून खणखणीत आवाज आला, "हात लावू नकोस गं! फाउल होईल!" हा दुसरा आवाज माझा. बँकेत वर्षानुवर्षं टोकन नंबर पुकारून तो कमावलेला आहे. जन्मात कधी बापाचं न ऐकणाऱ्या कन्येने नेमकं तेव्हा ऐकलं. त्या उंच मुलीने कमानीबाहेरून चेंडू फेकला, तो अलगद आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत आम्ही हरलो.

परतताना स्कूटरवर मागे कन्या गप्प. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला बास्केटबॉलमधलं काय कळतं?"

खरं उत्तर 'काही नाही' असं होतं. पण मी बी.कॉम. आहे. खात्यात घट आली की ती कुठून आली ते शोधल्याशिवाय आम्हाला झोप लागत नाही. म्हणून पुढचा महिनाभर रात्री जेवणं झाल्यावर मी जुने सामने पाहिले. "अहो, एवढा अभ्यास प्रमोशनच्या परीक्षेचा केला असतात तर आज मॅनेजर असता," असं सौ. म्हणाली. मॅनेजर झाल्यावर सामन्यांना जाता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

आता ज्यांना माझ्याइतकंच कळतं त्यांच्यासाठी प्रश्न मांडतो. संघ तीन गुणांनी पुढे आहे आणि वेळ संपत आली आहे. समोरच्याला दूरवरून फेकू द्यावं, तर तीन गुण जाऊन बरोबरी होण्याची भीती. त्याने फेकण्याआधीच फाउल केला, तर त्याला दोन फ्री थ्रो मिळतात. दोन्ही आत गेले तरी एका गुणाची आघाडी उरते, वर चेंडू आपला. म्हणजे दोन गुणांचा हप्ता भरून तीन गुणांच्या अपघाताचा विमा उतरवायचा. हा प्रश्न पूर्वी नव्हताच. एन.बी.ए.ने तीन गुणांची कमान १९७९ साली आखली, आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८४ साली आणि अमेरिकन महाविद्यालयांनी १९८६ साली. त्याआधी तीन गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या पाच सेकंदांत घरी निघाला तरी चालत असे. सुखाने झोपलेल्या माणसाची झोप उडवायची असेल तर त्याला एक नवीन योजना समजावून सांगावी, हे आम्ही बँकेत रोज पाहतोच.

माझ्या बचावाचा पहिला साक्षीदार मला १८ जून २०१३ या तारखेला सापडला. मायामीत एन.बी.ए.च्या अंतिम फेरीचा सहावा सामना. सॅन अँटोनिओ मालिकेत ३-२ ने पुढे; हा सामना जिंकला की अजिंक्यपद. २८ सेकंद बाकी असताना पाच गुणांची आघाडी. करंडक द्यायच्या तयारीत मैदानाभोवती पिवळा दोर आणून ठेवलेला, मायामीचे काही प्रेक्षक गाडी काढायला बाहेर पडलेले. मग लेब्रॉन जेम्सने तीन गुण घेतले. सॅन अँटोनिओच्या कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो घालवला. आघाडी तीन. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी फाउल करवला नाही. उलट दूरच्या फेकीवर धावून जाता यावं म्हणून उंच टिम डंकनला बाहेर बसवलं. जेम्सची फेक हुकली, चेंडू वर उडाला, तो घ्यायला डंकन नव्हता म्हणून ख्रिस बॉशने घेतला आणि कोपऱ्यात मागे सरकत गेलेल्या रे ॲलनला दिला. हा ॲलन म्हणजे त्या वेळी एन.बी.ए.च्या इतिहासात सर्वांत जास्त तीन-गुणी फेका नावावर असलेला माणूस. ५.२ सेकंद बाकी असताना ९५-९५. जादा वेळेत मायामीने १०३-१०० असा सामना घेतला, दोन दिवसांनी सातवाही जिंकला. बाहेर पडलेले प्रेक्षक दाराशी धडका देत होते, पण त्यांना परत आत घेईनात.

मी कन्येला हाक मारली. "बघ! पॉपोविचसारखा दिग्गजही फाउल करत नाही."

"आणि हरतो," कन्या म्हणाली आणि गृहपाठाला निघून गेली.

दुसरा साक्षीदार ७ एप्रिल २००८ चा. अमेरिकन महाविद्यालयांचा अंतिम सामना, मेंफिस विरुद्ध कॅन्सस. दोन मिनिटं बारा सेकंद बाकी असताना मेंफिस नऊ गुणांनी पुढे होतं. मग कॅन्ससने फाउल करायचा आणि मेंफिसने फ्री थ्रो घालवायचे, असा दोन्ही पक्षांना मान्य असल्यासारखा कार्यक्रम सुरू झाला. शेवटी ६३-६०. इथे मेंफिसचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांचा विचार आमच्या सरांसारखाच होता: फाउल करा. खेळाडूने धक्का दिलासा वाटला, चेंडू नेणारा अडखळला, पण पंचांची शिटी वाजली नाही. चेंडू मारिओ चामर्सच्या हातात गेला आणि २.१ सेकंद बाकी असताना बरोबरी झाली. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८.

म्हणजे एक गुरुजी फाउल नको म्हणून हरले आणि दुसऱ्यांना फाउल हवा असून तो करता आला नाही म्हणून ते हरले. माझ्या मनाला बराच गारवा वाटला. हार्वर्डमधल्या एका विद्यार्थी-अभ्यासगटाने २०१० साली महाविद्यालयीन सामन्यांतले असे शेकडो प्रसंग मोजले, तेव्हा फाउल करणारे आणि न करणारे यांच्या यशात ठळक फरक सापडला नाही. हिशेब पाहिला तर फाउलच्या बाजूने आहे. एन.बी.ए.त तीन-गुणी फेक १०० पैकी ३५-३६ वेळा आत जाते आणि बरोबरी करायला ती एकच पुरते. फाउल झाला तर समोरच्याला पहिला थ्रो घालावा लागतो, दुसरा मुद्दाम हुकवावा लागतो, उडालेला चेंडू गर्दीतून मिळवावा लागतो आणि तो परत घालावा लागतो. चार खिडक्या फिरल्याशिवाय काम होत नाही, असं म्हणा. पण फाउल करणारा जरा उशिरा पोचला आणि फेकीच्या मध्येच हात लागला, तर तीन फ्री थ्रो. फार लवकर केला तर घड्याळ थांबतं, मग तेच आपल्यावर फाउल करतात आणि आपली मुलं मेंफिसची मुलं होतात. कागदावर स्वच्छ दिसणारा हिशेब चौदा वर्षांच्या मुलीने धावता-धावता अर्ध्या सेकंदात करायचा असतो, ही त्यातली ग्यानबाची मेख.

इतका वेळ हिशेब झाला. पण माझी खरी तक्रार हिशेबाची नाही. मी बाकावरून ओरडलो तो घाबरून नव्हे. चूक मुद्दाम करायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ काढला तेव्हा तेरा नियम लिहिले. त्यांत ढकलणं, धरणं, पाडणं हे गुन्हे होते. दुसरा गुन्हा केला की समोर गोल होईपर्यंत बाहेर बसायचं. इजा करायचा इरादा दिसला तर उरलेला सगळा सामना बाहेर, आणि बदली खेळाडूही नाही. ही शिक्षा होती. आज तिचं दरपत्रक झालं आहे. आमच्याकडेही असंच आहे. खात्यात कमी शिल्लक ठेवली तर पूर्वीच्या लोकांना लाज वाटे. त्याचं शुल्क ठरल्यावर लोक शुल्क भरतात आणि ताठ मानेने काउंटरवर येतात. दंडाची पावती मिळू लागली की गुन्ह्याची सेवा होते. वर गंमत अशी की आंतरराष्ट्रीय नियमांत चेंडूकडे न बघता सरळ माणसाला धरलंत, तर दोन थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच. म्हणून फाउल करतानाही 'मी चेंडूच घ्यायला गेले होते हो' असा चेहरा करावा लागतो. चूक मुद्दाम करायची आणि ती चुकून झाली असं दाखवायचं!

असं तावातावाने लिहिलं खरं, पण इथे माझा हात थबकला. कारण हा खेळ मी रोज खेळतो. चार वाजायला पाच मिनिटं कमी आहेत, कॅश जुळत आली आहे, म्हणजे आपण थोडक्या आघाडीवर आहोत, आणि अशा वेळी एखादे पेन्शनर आजोबा फॉर्म घेऊन येतात. मी फॉर्म उलटापालटा करतो आणि म्हणतो, "सही जुळत नाही. उद्या या." नियमात बसणारा, चेंडूकडे बघून केलेला, स्वच्छ फाउल. घड्याळ थांबतं, मी वाचतो. एकदा असेच एक आजोबा दुसऱ्या दिवशी आले. माझ्यासमोर तीनदा सही केली. तिन्ही वेगळ्या. हात थरथरत होता. नमुन्याशी ती कधीच जुळणार नव्हती, आणि हे मला आदल्या दिवशीही दिसलं होतं. मी फॉर्म पास केला. त्यांनी मलाच थँक्यू म्हटलं. तेव्हा नैतिकतेवर ओरडायचा अधिकार मला बाकावरूनही नव्हता. फरक एवढाच की बास्केटबॉलमध्ये ज्याच्यावर फाउल होतो त्याला निदान दोन थ्रो मिळतात. आजोबांना रिक्षाचं भाडं पडलं.

या दुखण्यावर निक एलाम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी औषध काढलं आहे. शेवटी घड्याळच बंद करायचं आणि ठरावीक गुण आधी गाठेल तो जिंकला. घड्याळ नाही म्हणजे ते थांबवण्यासाठी फाउलही नाहीत. एन.बी.ए.ने २०२० च्या ऑल-स्टार सामन्यात ते वापरलं. सामना रंगला १५७-१५५ पर्यंत, आणि शेवटचा गुण आला तो अँथनी डेव्हिसच्या फ्री थ्रोने! फाउल दारातून घालवला तर खिडकीतून आला.

तेव्हा समीक्षक म्हणून माझा निकाल असा: तीन गुणांनी पुढे, पाचएक सेकंद बाकी, समोरची पाठमोरी किंवा फेकीच्या तयारीत नसलेली, तर फाउल करावा. सर बरोबर होते. नियम लिहिणाऱ्यांनी लाज वाटावी. नियमाने खेळणाऱ्या मुलीने नव्हे. आणि बाकावरच्याने भेळ खावी.

हे सगळं मी कन्येला रीतसर वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चूक माझी नव्हती?"

"नाही."

"हे एका वाक्यात त्याच दिवशी सांगितलं असतंत तरी चाललं असतं," ती म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली. मग दारातून परत वळली. "बाबा, रविवारी पुन्हा त्यांच्याशीच मॅच आहे. सरांनी तुम्हाला मुद्दाम बोलावलंय."

मी छाती पुढे काढली.

"फक्त पलीकडच्या बाकांवर बसायचं आणि त्यांच्या मुलींना सल्ला द्यायचा."