अक्षर आणि फाँट

शाळांसाठी लिहिलेली प्रयोगांची एक पुस्तिका मी २००४ साली शनिवार पेठेतील एका डीटीपीच्या दुकानात जुळवून घेतली होती. नवी आवृत्ती काढावी म्हणून अलीकडे ती फाइल उघडली. आकृत्या जागच्या जागी होत्या. मजकुराच्या जागी मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला झाला होता. असे का व्हावे?

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या पद्धतीच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असत. जोडाक्षरांसह देवनागरी त्यात मावेना. म्हणून उत्पादकांनी काना, वेलांटी, अर्धा त असे तुकडे पाडून ते रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवले. जोडाक्षरे जुळवण्याची सोय संगणकात नव्हती, तेव्हा या युक्तीनेच मराठी छपाई सुकर झाली. हे श्रेय द्यायलाच हवे.

दोष असा, की प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी. फाँट बदलला की मजकूर निरर्थक!

वास्तविक सामाईक पर्याय उपलब्ध होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली होती. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक. त्यांची आकृती कशी काढायची ते फाँटने पाहावे.

मग सगळेच सामाईक असावे काय? तसेही नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे, पण युनिकोडमध्ये क्रमांक एकच. मराठी वळण हवे तर तसा फाँट लागतो. तेथे उत्पादकाने आपले कौशल्य दाखवावे, त्याचे दामही घ्यावेत. मात्र साठवलेल्या माहितीचा संकेत कोणा एकाच्या मालकीचा नसावा. सॉफ्टवेअरची रचना करताना ही सीमारेषा आधी आखायला हवी.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. एखाद्या जुन्या प्रश्नपत्रिकेचा फाँट बदला. मराठी मराठीच राहिली तर चिंता नाही. रोमन चिन्हे उमटली, तर मूळ फाँट हाताशी आहे तोवरच तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. मी तो फाँट जपून ठेवला नाही; पुस्तिका आता छापील प्रतीवरून पुन्हा टंकलिखित करतो आहे.