'ओकुरिबितो' : विटाळ, श्रम आणि प्रतिष्ठा

अंत्यविधीहून परतल्यावर घरात शिरण्यापूर्वी अंगावर मीठ शिंपडण्याची चाल जपानात आहे. मृत्यूचा विटाळ आत येऊ नये, हा तिचा हेतू. जोदो शिन्शू हा तेथील मोठा बौद्ध पंथ मृत्यूला अपवित्र मानीत नाही व ही चाल नाकारतो; तरीही ती पुष्कळ ठिकाणी आढळते. बहुसंख्य अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करणाऱ्या समाजातील ही विसंगती ध्यानी ठेवूनच योजिरो ताकिता यांचा 'ओकुरिबितो' (२००८) हा चित्रपट पाहावा, असे आम्हांस वाटते. २००९ मध्ये त्यास परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

वाद्यवृंद बंद पडल्याने बेकार झालेला चेलोवादक दाइगो यामागाता प्रांतातील आपल्या गावी परततो आणि मृतदेह स्वच्छ करून, वस्त्रे नेसवून शवपेटीत ठेवण्याचे काम पत्करतो. ते कळताच पत्नी त्याचा स्पर्श झिडकारते, बालमित्र त्यास टाळतो. पुढे त्याच मित्राच्या आईचा देह दाइगो ज्या आदराने सजवितो, ते पाहून दोघांचेही मन पालटते. हे प्रसंग दिग्दर्शकाने संयमाने आणि उत्कटतेने रंगविले आहेत, यात शंका नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. विटाळ ही येथे दोन-चार व्यक्तींची मनोवृत्ती ठरते. सुंदर विधी पाहताच ती विरघळते. जपानच्या इतिहासात मात्र विटाळ ही समाजरचना होती. मृत जनावरांचे व कातड्याचे काम करणाऱ्यांना 'एता' ठरवून पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्त्यांत ठेवले गेले. १८७१ च्या फर्मानाने ते नाव रद्द झाले, भेदभाव मात्र उरला. म्हणूनच १९२२ मध्ये क्योतो येथे 'सुइहेइशा' ही संघटना उभी राहिली. बौद्ध मंदिरेही यातून निर्दोष सुटत नाहीत. या समाजातील मृतांना दिलेल्या धर्मनामांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातल्याची उदाहरणे आहेत. चित्रपट याविषयी मौन पाळतो.

दाइगोने हे काम जाहिरात वाचून, भरघोस वेतनावर स्वीकारले. ते सोडण्यास तो मोकळा होता. जन्माने ज्यांच्या माथी असे काम मारले गेले, त्यांना ही मोकळीक नव्हती. मृत जनावरे ओढण्याचे काम सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना सांगितले आणि मैला उचलण्याच्या कामास उदात्त ठरविणाऱ्या गांधींच्या उपदेशावर कठोर टीका केली, ती याच कारणाने. लादलेल्या श्रमाचा गौरव म्हणजे बेडीला दिलेला मुलामा होय.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूची कथा येते. तथागतांनी आनंदासह त्यास स्वतः स्नान घातले आणि परस्परांची शुश्रूषा करण्याचे कर्तव्य सर्व भिक्षूंवर सोपविले. कोण्या एका कुळावर नव्हे. काम सर्वांचे झाले की विटाळाला आधार उरत नाही. 'ओकुरिबितो' अवश्य पाहावा. परंतु डोळे पुसल्यावर हा प्रश्नही विचारावा.