खलनायिकेची कैफियत

अमेरिकन बालकथाकार एल. फ्रँक बाऊम यांनीं १९०० सालीं लिहिलेली ऑझच्या जादुगाराची गोष्ट आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या घरांतून मुलांच्या परिचयाची आहे. तींत पश्चिमेकडील एक दुष्ट चेटकीण आहे. ती दुष्ट कां, हें सांगण्याचें कारण बाऊमला वाटलें नाहीं. डोरोथी तिच्या अंगावर बादलीभर पाणी फेकते, चेटकीण वितळून जाते, आणि गोष्ट पुढें चालू लागते. १९३९ च्या बोलपटानें तिला हिरवें कातडें चढविलें. मूळ पुस्तकांत ती हिरवी नाहीं, एकाक्ष आहे. पुढें १९९५ मध्यें ग्रेगरी मॅग्वायर यांनीं कादंबरी लिहून तिची बाजू मांडली, २००३ मध्यें स्टीफन श्वार्ट्झ यांच्या पदांनीं व चालींनीं तिचें संगीत नाटक झालें, आणि त्या नाटकावरून जॉन चू यांनीं काढलेला 'विकेड' हा चित्रपट २०२४ व २०२५ अशा लागोपाठच्या दोन वर्षीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. चेटकिणीचें एल्फाबा हें नांव बाऊमच्याच आद्याक्षरांतून घडविलें आहे. ज्यानें बदनामी केली त्याचेंच नांव लेकीला द्यावें, ही थट्टा मोठी मार्मिक आहे.

राक्षसाची बाजू ऐकण्याची संवय आपल्याला नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. पुराणांत वामनानें पाताळांत दडपलेला बळी आमच्या कडेगांवाकडील शेतकऱ्याच्या घरीं बळिप्रतिपदेस आदराचा धनी असतो. पीडा टळो व बळीचें राज्य येवो असें मागणें ओवाळणारी बाई मागते, तेव्हां आपण देवाच्या विरुद्ध साक्ष देत आहों हें तिच्या मनांतहि नसतें. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी'त हीच साक्ष उघडपणें नोंदविली. तेथें बळी राजा आहे आणि वामन आरोपी. बळीचे गुण गाऊन फुले थांबले नाहींत. गोष्ट आजवर कोणी सांगितली, आणि ती तशी सांगण्यांत त्याचा लाभ कोणता, हें त्यांनीं विचारलें.

'विकेड'मध्यें हा प्रश्न आहे, व जेथें तो आहे तेथें चित्रपट खरोखर चांगला आहे. ऑझचा जादुगार हा अंगीं कसलीहि विद्या नसलेला एक लबाड मनुष्य. प्रजा एकत्र बांधून ठेवावयाची तर तिला एक शत्रू दाखविला पाहिजे, एवढें राजकारण त्याला कळतें. आधीं बोलक्या प्राण्यांची वाचा हिरावली जाते. इतिहास शिकविणाऱ्या एका बोकडाला शिपाई भर वर्गांतून ओढून नेतात. (अध्यापकाचा पेशा पतकरलेल्या मजसारख्यास हा प्रवेश विनोदी वाटला नाहीं.) एल्फाबाखेरीज वर्गांत कोणी आवाज उठवीत नाहीं, आणि पुढें जादुगाराला जो शत्रू हवा असतो तो तिच्या रूपानें आयता सांपडतो. येथें खाडिलकरांची आठवण होते. त्यांच्या १९०७ मधील 'कीचकवधा'त प्रेक्षकांनीं कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० मध्यें सरकारनें नाटकावर बंदी घातली. तेथें रयतेनें पुराणांतला खल उचलून राज्यकर्त्याच्या अंगावर टाकला; येथें राज्यकर्ताच खल निर्माण करून रयतेच्या हातीं देतो.

परंतु मूळ प्रतिज्ञेचें काय? चित्रपट खलनायिकेची बाजू सांगण्याचें वचन देतो, आणि सांगतो एवढेंच, कीं ती खलनायिका नव्हतीच. तिच्या हातून जें वाईट घडतें तें चुकून, नाहीं तर कोणाचा तरी जीव वांचविण्याकरितां घडतें. दुसऱ्या भागांत एकाचा पत्र्याचा पुतळा होतो, दुसऱ्याचें बुजगावणें, आणि दोन्ही वेळां हेतु निर्मळच. कैफियत अशी बिनतोड झाली कीं आरोपीविषयींचें कुतूहलच संपतें. भाव्यांच्या १८४३ पासूनच्या सांगलीच्या खेळांतील राक्षसाला कैफियत नव्हती. तो आरोळी ठोकून येई व भय उत्पन्न करी. मॅक्बेथला कैफियत आहे, पण ती त्याला निर्दोष ठरवीत नाहीं. म्हणूनच त्याचें दुःख आपल्याला सोसवत नाहीं. एल्फाबा या दोहोंमध्यें अधांतरीं राहते. खलत्वाचा डाग तिच्यावरून पुसून जादुगार व त्याची साथीदारीण मॅडम मॉरिबल यांच्या कपाळीं लावला, एवढाच फेरफार.

संगीताविषयीं थोडें. सिंथिया एरिव्हो व आरियाना ग्रांडे या दोघी पुष्कळशीं पदें चित्रण चालूं असतांना प्रत्यक्ष गाइल्या आहेत, आणि तें कानाला कळतें. श्वासाचा चढउतार शब्दांबरोबर चालतो, जसा आपल्या संगीत नाटकांत चाले. दुर्दैवानें पहिल्या भागाच्या अखेरचें, झाडूवर बसून आकाशांत झेप घेण्याचें पद दिग्दर्शकानें पाठलाग आणि पडापडी मध्यें घालून तुकड्यातुकड्यांनीं वाढलें आहे. नाटक मध्यंतर धरून पावणेतीन तासांत उरकतें. चित्रपटाचा पहिला भागच जवळजवळ तेवढा. चांगल्या बैठकींत गवयाला मध्येंच पानसुपारी देत नाहींत.

माझ्या मतें ही गोष्ट चेटकिणीची नाहींच, ग्लिंडाची आहे. ग्लिंडा सुंदर, गोड, सर्वांची लाडकी. आपल्या सुशिक्षित घरांतून जशी मुलगी असावी असें सर्वांस वाटतें तशी. तिला खरें काय तें ठाऊक असतें. तरी मैत्रिणीबरोबर झाडूवर बसण्याची वेळ येते तेव्हां ती तिच्या खांद्यावर शाल घालते, शुभेच्छा देते, आणि मागें राहते. पुढें मान, पोषाख, मिरवणूक हें सर्व तिला मिळतें. तिच्या मनांत दुष्टावा तिळभरहि नाहीं. पटकथेनें एल्फाबाला जी गुंतागुंत नाकारली ती सगळी या हंसऱ्या मुलीच्या वांट्याला आली आहे, आणि ग्रांडेबाईंनीं ती फार संयमानें दाखविली आहे.

पहिल्या भागाच्या प्रारंभीं लोक चेटकिणीच्या मरणाचा उत्सव करतात. तिचा प्रचंड पुतळा उभा केलेला असतो, आणि उत्तरेकडील रावणदहनाप्रमाणें त्याला अग्नि द्यावयाचा असतो. ग्लिंडा हातांत मशाल घेऊन तो पेटविते. प्रथम पाहतांना आपण केवळ देखावा पाहतों. दुसऱ्या भागाच्या शेवटीं एल्फाबा मेली अशी समजूत करून देऊन देशोधडीला लागते, आणि माझें नांव शुद्ध करूं नको असें मैत्रिणीकडून वचन घेते; ग्लिंडा तें पाळते. हें कळल्यावर पहिल्या भागांतील तीं पहिलीं दहा मिनिटें घरांतल्या मोठ्या मुलींबरोबर पुन्हा लावावीं, आणि मशाल टेंकतांना ग्लिंडाच्या चेहऱ्याकडे पाहावें.