संकेतस्थळ, संहिता आणि वाचक

ग्रंथ संकेतस्थळावर आला म्हणजे तो सर्वांस उपलब्ध झाला, हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. मराठीतील अनेक जुने ग्रंथ तेथे पृष्ठांच्या छायाचित्रांच्या रूपाने ठेवलेले आढळतात. डोळस वाचकास त्यांत संहिता दिसते. अंध वाचकाच्या ‘स्क्रीन रीडर’ला थेट वाचता येईल असे त्यांत काहीच नसते. युनिकोडपूर्व टंकांतील पाने तर निरर्थक रोमन वर्णांच्या रूपाने ऐकू येतात, कारण त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. याउलट, मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी युनिकोडमध्ये असल्याने ऐकताही येतात आणि शोधताही येतात.

बोरिवली वा मुलुंडहून कालिन्याच्या विद्यानगरीत येणाऱ्या अंध विद्यार्थ्याने संदर्भ पडताळण्यासाठी नेहमीच दुसऱ्याचे डोळे मागावेत काय? डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरविले आहे.

हे कार्य केवळ तंत्रज्ञांवर सोपविणे युक्त नव्हे. यंत्राने चित्रातून ओळखलेला पाठ मूळ पानाशी ताडून शुद्ध करणे ही पाठचिकित्साच होय, आणि ती आपल्याच विद्याशाखेची जबाबदारी आहे.