घराची मांडणी आणि आपली समीक्षा

‘गृहसजावट’ हा विषय मराठी नियतकालिकांत कित्येक वर्षे मोठ्या सुखाने नांदतो आहे. पडद्याचा रंग भिंतीशी कसा जुळवावा, दिवा कोणत्या कोपऱ्यात ठेवावा, दमून घरी आलेल्या माणसाला बसल्याबसल्या विसावा कसा मिळावा, यावर पुष्कळ लिहिले जाते. हे सारे लेखन एक गोष्ट गृहीत धरूनच सुरू होते. घर प्रत्येकाला असतेच, उरतो तो अभिरुचीचा प्रश्न, असे ते मानते. आमचा आक्षेप या गृहीतावर आहे. परंतु प्रस्थापितांवर आक्षेप घेऊन आपली सुटका होत नाही. आपल्या समीक्षेनेही या विषयाकडे पाठ फिरवली आहे. झोपडीतले दुःख तिने मोजले. झोपडीतली मांडणी मात्र तिने वाचली नाही.

‘मांडणी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. समीक्षक विचारांची मांडणी करतो. आमच्या आयाबहिणींची मांडणी म्हणजे भिंतीला ठोकलेल्या फळ्या आणि त्यांवर ओळीने लावलेली भांडी. अंधेरीत गिल्बर्ट टेकडीच्या परिसरात, गावदेवी डोंगराच्या चढावर किंवा मरोळच्या औद्योगिक पट्ट्यालगतच्या वस्त्यांत दहा बाय बाराच्या कोणत्याही खोलीत डोकावून पाहावे. दारासमोर मांडणी असते. मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत गेलेले स्टीलचे डबे, उभी लावलेली ताटे, घासून लखलखीत केलेला पितळी तांब्या. वर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार आणि जवळ एक लहानसा रंगीत दिवा. ट्रंकेवर विणलेला रुमाल, तिच्यावर घडी घातलेल्या गोधड्या. सजावटशास्त्र शिकलेल्या माणसाला या खोलीत ‘गर्दी’ दिसते. आपल्या समीक्षकाला ‘दारिद्र्य’ दिसते. एकजण तिला अभिरुचीहीन ठरवतो, दुसरा तिची कीव करतो. ही मांडणी काय बोलते आहे, असे मात्र दोघेही विचारीत नाहीत.

ती काय बोलते हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातले ५१ आणि ५२ हे श्लोक वाचावेत. चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी, त्यांनी फुटक्या भांड्यांतून जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, दागिने लोखंडाचे घालावेत, असा तिथला आदेश आहे. म्हणजे या देशातली गृहसजावटीची पहिली नियमावली आपल्यासाठीच लिहिली गेली! घर कुठे असावे, भांडे कसे असावे, अंगावर काय असावे, हे सारे तीत ठरवून दिलेले आहे. वास्तुशास्त्राच्या जुन्या ग्रंथांनीही वर्णपरत्वे जमिनीचे रंग वाटून दिले: ब्राह्मणाला पांढरी माती, क्षत्रियाला तांबडी, वैश्याला पिवळी, शूद्राला काळी. जो वर्णांच्याच बाहेर, त्याच्या वाट्याला या वाटणीतला कोणताही रंग आला नाही. आज अंधेरीतल्या टोलेजंग इमारतींत सदनिका घेणारे सुशिक्षित लोक ईशान्य कोपऱ्याची चौकशी करतात, तेव्हा या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग त्यांना ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असूनही अडचणीचा वाटत नाही.

हे केवळ पोथीतले नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये बाबासाहेबांनी ताजी उदाहरणे दिली आहेत. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर सवर्णांनी अटी लादल्या: पागोट्याला जरीकाठ नको, धोतराला रंगीत काठ नको, स्त्रियांच्या अंगावर सोन्याचांदीचे दागिने नकोत. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी १९३५ साली बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. भांड्यासाठी मारहाण! हे उदाहरण मनात ठेवून आता त्या डोंगरावरच्या खोलीतल्या मांडणीकडे पुन्हा पाहावे. लखलखणारा तो प्रत्येक डबा फुटक्या भांड्याच्या आदेशाला दिलेला नकार आहे. ज्या बाईने तो पै-पै साठवून घेतला, तिने मनुस्मृती वाचलेली नसेल. पण तिचे उत्तर दररोज राखेने आणि चिंचेने घासून ती चकचकीत ठेवते.

हा संबंध आम्ही ओढून-ताणून जोडीत नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी लुगड्याच्या नेसणीबद्दल, गळ्या-हातांतल्या कथलाच्या दागिन्यांच्या ओझ्याबद्दल आणि स्वच्छतेबद्दल बोलले. ज्या खुणांवरून जात ओळखली जाते त्या टाकून द्या, असा त्या बोलण्याचा गाभा होता. ग्रंथदहन हे क्रांतिकार्य आणि लुगड्याची नेसण ही बायकांची किरकोळ बाब, अशी वाटणी त्यांनी केली नाही. ती आपण नंतर केली.

आता आपल्या साहित्याकडे वळू. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (१९६३) नोकरीसाठी परगावी गेलेल्या तरुणापुढे खोलीचा प्रश्न उभा राहतो, आणि खोली मागणाऱ्याला आधी जात विचारली जाते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) कावाखान्यात आडोसे उभे करून दाटीने संसार थाटलेले आहेत. या कृतींवर आपण भरपूर लिहिले. विद्रोह, वेदना, नकार हे शब्द वापरून लिहिले, आणि ते योग्यच होते. पण आडोसा ही काय वस्तू आहे, याचा विचार किती जणांनी केला? गोणपाटाचा का असेना, पडदा लावणारी स्त्री म्हणते, ‘एवढी जागा माझी, इथे माझी लाज, माझी झोप.’ जगण्याला आकार देण्याची ही धडपड सौंदर्याचीच धडपड आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मांडताना आनंदवादी कसोटी नाकारली आणि समता, स्वातंत्र्य, न्याय या मूल्यांना सौंदर्याच्या जागी आणले. परक्याच्या दुःखाचा आस्वाद घेणाऱ्या वाचकाचा आनंद नाकारणे आवश्यकच होते. परंतु त्या नकाराच्या भरात दुःखितांचा स्वतःचा आनंदही आपण संशयित ठरवला. दलिताने सुखाने बसलेले आपल्या समीक्षेला चालत नाही, अशी स्थिती झाली आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्याने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा शहरात त्यांना कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. मोडक्या बाकांनी आणि अडगळीने भरलेला वरचा मजला, विजेचा दिवा नाही, सोबतीला एक लहानसा कंदील आणि पुस्तके, असे त्या जागेचे वर्णन त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये केले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही त्यांना बाहेर काढले. अडगळीच्या त्या खोलीपुढे दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ ठेवून पाहावे. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिल्यावर १९३० नंतरच्या दशकात त्यांनी हे घर बांधले. त्याच्या मांडणीचे केंद्र ग्रंथालय होते. पुस्तकांना जागा हवी, वाचणाऱ्याला उजेड हवा आणि शांतता हवी, या गरजांतून ते उभे राहिले. आणि नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. फुटक्या भांड्याचा आदेश ज्याच्या पूर्वजांना दिला गेला, त्याने आपल्या घराला राजधानीचे नाव द्यावे, ही चैन नव्हती. स्वास्थ्य ही विचाराची पूर्वअट आहे, हे त्या घराने सांगितले. जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या आवारात शिरून झाडांच्या कुंड्या फोडण्यात आल्या. कुंडीतले रोपटे ही क्षुल्लक गोष्ट असती तर ते फोडावेसे कोणाला का वाटले असते?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांच्या भिंती बदलल्या. खंडोबा-मरीआईचे टाक, देव्हारे निघाले, आणि त्या जागी बुद्ध आणि भीमराव आले. एखाद्या समाजाने आपल्या दर्शनी भिंती इतक्या थोड्या काळात बदलल्याचे उदाहरण सहज सापडणार नाही. पण याच भिंतीवर आज एक नवा प्रश्न लटकतो आहे. वस्तीतून सदनिकेत गेलेला आपला शिक्षित माणूस बैठकीच्या खोलीत निसर्गचित्र लावतो आणि बाबासाहेबांची तसबीर शयनगृहात नेतो. ‘इथे शोभत नाही’ असे कारण तो देतो. हे कारण अभिरुचीच्या भाषेत बोलते. त्याच्या तळाशी भीती आहे. तिच्यासाठी त्याला एकट्याला दोषी धरणे सोपे आहे. भाड्याच्या घरासाठी फोन करणाऱ्याला दलित किंवा मुस्लिम नाव ऐकताच नकार मिळतो, हे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात पाहणी करून २०१५ साली मांडले. मुंबईच्या उपनगरांत आडनाव विचारण्याची रीत काही वेगळी नाही. तरीही एक गोष्ट खरी आहे: दर्शनी भिंत परक्याच्या नजरेसाठी सजवली की ते घर विश्रांतीचे राहत नाही. घरात शिरूनही जात चोरावी लागत असेल, तर त्या सोफ्यावर पाठ कशी टेकायची?

दुसऱ्या बाजूला आपल्याच वस्तू प्रस्थापितांच्या भिंतींवर चढल्या आहेत. लोखंडवालासारख्या भागांतल्या दिवाणखान्यांत बांबूच्या टोपलीचे दिव्याचे झाकण होते, सूप भिंतीवर टांगले जाते, गोधडी सोफ्यावर पसरली जाते. ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) वाचलेल्या माणसाला तिथे अवघडल्यासारखे होईल. कोकणातल्या त्यांच्या आईने पतीच्या मागे संसार ओढण्यासाठी बांबूची आयदाने विणली. बोटे कापत विणली. टोपली तीच, पण एका घरात ती पोट आहे आणि दुसऱ्या घरात शोभा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत नेमका हाच पेच आहे. शिकून शहरी झालेली मुलगी घरच्या जुन्या गोधड्या भिंतीवर टांगण्यासाठी मागते, आणि आई त्या तिला न देता, रोज पांघरणाऱ्या धाकट्या मुलीला देते. वॉकर यांनीच दुसरीकडे आपल्या आईच्या फुलबागेबद्दल लिहिले आहे: राहायला कसलेही मोडके घर मिळो, ती ते फुलांनी सजवी, आणि तीच तिची कला होती. बेल हुक्स यांनी १९९० साली याला सिद्धान्ताचे रूप दिले. बाहेर अपमान होणाऱ्या माणसांसाठी कृष्णवर्णीय स्त्रियांनी उभे केलेले घर हे प्रतिकाराचे ठिकाण होते, असे त्यांनी म्हटले. ब्लॅक पँथरचे नाव आपण घेतले; या लेखिकांकडून मात्र आपण पुरेसे घेतले नाही.

अर्थात मांडणीचे गुणगान करून प्रश्न मिटत नाही. कष्टकऱ्यांनी थोडक्यात टापटीप राहावे, हा उपदेश मालकांना नेहमीच आवडतो. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत मिळणारे घर आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे झाले. क्षेत्रफळ वाढले, पण दोन इमारतींमधली जागा इतकी आवळली गेली की अनेक ठिकाणी खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत ऊन-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, अशा घरात ‘सकाळचे कोवळे ऊन आत येऊ द्या’ हा सल्ला क्रूर ठरतो. सजावटीच्या आधी उजेडाचा हक्क येतो, आणि तो हक्क नकाशा मंजूर करणाऱ्यांकडून मागावा लागतो.

आणि एक प्रश्न आपल्या पुरुषांना. घराचे स्वास्थ्य कोणाच्या कष्टावर उभे आहे? कार्यकर्ता रात्री सभेहून येतो, त्याला टेबल, दिवा, पुस्तकांचे कपाट लागते. ते घासूनपुसून ठेवणारीला तिथे बसता येते का? लिहिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली हवी, असे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली म्हटले. आपल्याकडे खोलीच एक असते, म्हणून निदान त्या खोलीतला एक कोपरा आणि रात्रीचा एक तास तरी तिचा आहे काय, असे विचारले पाहिजे. ‘राजगृह’ची तसबीर भिंतीवर लावणाऱ्या घरात स्त्रीच्या वाचनाला जागा नसेल, तर ती तसबीर नुसती शोभा आहे.

म्हणून समीक्षेपुढे आम्ही एक साधे काम ठेवतो. आत्मकथा आणि कथा वाचताना घरातल्या वस्तू मोजा: कोणती वस्तू कोणी आणली, कुठे ठेवली, कोणासाठी ठेवली, कोणाच्या भीतीने लपवली. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या घराची दर्शनी भिंत आजीच्या आठवणीपासून आजपर्यंत लिहायला सांगावी; ते लेखन इतिहासाचे साधन ठरेल. आणि चळवळीने सुखाला लाजू नये. ऊन येणारी खिडकी, पाठ टेकायला जागा, पुस्तकाला फळी, बाईला बसायला कोपरा आणि दर्शनी भिंतीवर आपला माणूस, एवढे ज्या घरात आहे ते घर सजलेले आहे. ज्यांना एवढेही मिळत नाही, त्यांच्यासाठी सजावट हा अजून लढ्याचाच विषय आहे.