पंचतारांकित टपरी

पुण्याचे आमचे साडू गेली बारा वर्षं मला हॉटेलवाला समजत होते. दोष माझाच. एका लग्नात ओळख करून देताना मी छाती फुगवून सांगितलं होतं, "सध्या पंचतारांकितला असतो!" तेव्हापासून भेटले की ते बिर्याणीचा विषय काढत. परवा सहकुटुंब आले तेव्हा मी त्यांना लक्ष्मी टेकडीपाशी हायवे सोडून आत नेलं आणि फौंड्रीच्या गेटसमोर उभं केलं. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत हे आमच्या हॉटेलचं पूर्ण नाव. इथं तारे दिसतात ते भट्टीतून उडणाऱ्या ठिणग्यांचे.

साडूंचा चेहरा पडला. तो वर यावा म्हणून मी त्यांना गेटसमोरच्या टपरीवर नेलं. वेळ दुपारी तीनची, पाळी सुटण्याची. आणि तिथं त्यांना जे ऐकायला मिळालं ते कुठल्याही पंचतारांकित हॉटेलात मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हा समीक्षेचा खटाटोप.

आमच्या फेटलिंगमध्ये एक कंत्राटी पोरगा आहे. फेटलिंग म्हणजे ओतकामाच्या अंगावर राहिलेलं जादाचं लोखंड घासून, ठोकून काढायचं. आठ तास कानाशी ग्राइंडर. पाळी सुटली की हा टपरीपुढं उभा राहतो, त्याचा जोडीदार पाण्याचा रिकामा जार उपडा घालून बडवायला घेतो आणि तिसरा तोंडानंच ढोलकी, झांज सगळं काढतो. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा धावत गेलो.

"ए, भांडू नका रे गेटसमोर!"

"भांडत न्हाई साहेब," पोरगा म्हणाला, "रॅप करतोय."

मला दोन्हीतला फरक कळला नव्हता. हळूहळू कळला, आणि आता तीनच्या ठोक्याला मला साखर कमी असलेल्या चहाची तल्लफ नेमकी त्याच टपरीवर येते.

या कलेचा जन्मसुद्धा असाच घरगुती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ कूल हर्क यानं तबकड्या वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की लोक बेभान होतात, हे त्यानं हेरलं होतं. मग तोच तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून लांबवायचा आणि वर बोलत राहायचं. भांडवल : बहिणीची पार्टी. आमच्या पोराचं भांडवल : पाण्याचा जार.

आता कोल्हापूरचा माणूस म्हटल्यावर "हे सगळं आमच्याकडं आधीच होतं" हे वाक्य तोंडात येतंच. माझ्याही आलं. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून शाहीर पिराजीराव सरनाईकांचा डफ ऐकलेला. कलगी-तुऱ्याच्या सामन्यांबद्दल ऐकलेलं : तुरेवाल्यांनी शिवाला थोर म्हणायचं, कलगीवाल्यांनी शक्तीला, आणि रात्रभर सवाल-जवाबात एकमेकांना घाम फोडायचा. रॅपवाले ज्याला 'बॅटल' म्हणतात ते याहून वेगळं काय?

वेगळं आहे. शाहीर दुसऱ्याचा पोवाडा गातो. शिवाजी महाराजांचा, तानाजीचा. हा पोरगा स्वतःचाच गातो. मी असा, मी तसा, मी कुणाला भीत नाही. सुरुवातीला मला हे फार खटकलं. बावीस वर्षांचं वय, आठ महिन्यांची नोकरी, आणि पोवाडा? आम्ही तर तीस वर्षं नोकरी करून निरोप समारंभाची वाट बघतोय.

पण कान देऊन ऐकल्यावर कारागिरी दिसली. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं 'गेला-आला-झाला-प्याला' करत कुणीही तासभर यमकं जुळवतो. हा क्रियापद मधेच टाकून ओळ नामावर संपवतो. 'पाळी'ला 'टाळी', 'भट्टी'ला 'सुट्टी'. भट्टी आणि सुट्टी ही यमकं जुळतात, पण एकत्र कधी मिळत नाहीत, हा विनोद कळायला रात्रपाळी केलेली असावी लागते. त्याची आई हुपरीला घरी बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडते. ते वाजतात दुसऱ्याच्याच पायात, असं तो एका कडव्यात सांगतो आणि तिथं जारवाला हात थांबवतो. त्या गप्प मात्रेला माझा सलाम.

आता दोष. पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन २०२३ साली 'बिग बॉस' जिंकला, तेव्हापासून गल्लोगल्ली पोरांना व्हिडिओचा नाद लागलाय. यानंही काढला. आवाज भरला घरच्या कपाटात, चारी बाजूंनी वाकळा टांगून. तिथपर्यंत उत्तम. पुढं भाड्याची मोटार, गळ्यात भाड्याची साखळी आणि तोंडात मुंबईची हिंदी. मी स्वच्छ सांगितलं, "वाईट." स्टॅनची भाषा त्याच्या वस्तीची होती, म्हणून ती चालली. मुंबईच्या 'स्वदेसी' मंडळींनी २०१९ साली प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' केलं, तेही तिथल्याच माणसाच्या तोंडून, म्हणून लागलं. मोटार भाड्यानं मिळते. भाषा मिळत नाही.

आणि इथंच रस्त्यावरच्या गाण्याचं मोल कळतं. व्हिडिओत तो राजा आहे. टपरीवर राजा व्हायला गेला तर जारवालाच म्हणेल, "भावा, परवाचं वडापावचं पैसं दे आधी!" ज्यांना आपला पगार ठाऊक आहे त्यांच्यासमोर उभं राहून 'मी' म्हणायचं, तर तो 'मी' खराच लागतो. स्वतःचा पोवाडा गायला हरकत नाही. फक्त तो ओळखीच्या माणसांत गावा.

गेल्या महिन्यात मला वरून निरोप आला : गेटसमोरचा गोंगाट बंद करा. सांगायला मीच गेलो. तो शेवटच्या कडव्यावर आला होता. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव गुंफतो. अफजलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे, तो त्या नावामुळंच. या पोरानंही शेवटच्या ओळीत आपलं नाव घेतलं. आईचं, गावाचं आणि मग स्वतःचं, जोरात.

मी चहाचा पेला धरून तसाच उभा. आठ महिने मी त्याला 'दोनशे चौदा' म्हणत होतो. माझ्या हजेरीपटावर तेवढंच होतं.

वर जाऊन मी सांगितलं, "गोंगाट नाही साहेब, हजेरी चाललीय." ते काही पटलं नाही, पण टपरी वीस पावलं पुढं सरकवण्यावर भागलं. त्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. मी शिफारस लिहिली आहे. या वेळी नाव घालून.

ते नाव इथं सांगत नाही. तीन वाजता टपरीवर या, तो स्वतः सांगेल. शेवटच्या कडव्यात. साडूंनी ऐकलं, आणि परत जाताना बिर्याणीचं नावसुद्धा काढलं नाही.