पब्लियसचा मुखवटा : ‘द फेडरलिस्ट’मधील निवेदक

‘द फेडरलिस्ट’ या नावाने संग्रहित झालेल्या ८५ निबंधांचे वाचन आजवर प्रामुख्याने राज्यशास्त्राने आणि न्यायालयांनी केले. अमेरिकेची नवी राज्यघटना न्यूयॉर्क राज्याने स्वीकारावी, यासाठी ऑक्टोबर १७८७ पासून ते तेथील वृत्तपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यामागे अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे असे तिघे होते. वादग्रस्त १२ निबंधांचे कर्तृत्व मोस्टेलर व वॉलेस यांनी १९६४ मध्ये शब्दांची वारंवारता मोजून मॅडिसनकडे दिले. परंतु त्यामुळे निवेदकाचा प्रश्न सुटत नाही. खरे तर तो तेथून सुरू होतो.

राजेशाही संपल्यावर रोमन प्रजासत्ताकाची घडी बसविणाऱ्या पब्लियस व्हॅलेरियसचे हे नाव. विरोधकही ‘ब्रूटस’, ‘केटो’ अशी रोमन नावेच घेत होते. (१८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिणाऱ्या गोपाळ हरी देशमुखांचे ‘लोकहितवादी’ हे नावही असेच भूमिका सांगणारे, मात्र तेथे नावामागे एकच लेखक आहे.) पब्लियसच्या एकवचनी ‘मी’खाली मतभेद झाकले जातात. घटनापरिषदेत हॅमिल्टनने जवळजवळ तहहयात पदावर राहणारा राष्ट्रप्रमुख सुचविला होता. राज्यांच्या कायद्यांवर केंद्राला नकाराधिकार असावा, हा मॅडिसनचा आग्रह फेटाळला गेला होता. दोघांनाही उणा वाटलेला मसुदा पब्लियस निःशंकपणे मांडतो. याला अप्रामाणिकपणा म्हणण्याची घाई करू नये. तडजोडीतून घडलेल्या संहितेचे समर्थन कोणा एकाच्या खासगी आवाजात करता येणेच कठीण होते.

या मुखवट्याला तडा जातो तो ५४ व्या निबंधात. प्रतिनिधिगृहातील जागांसाठी गुलामांची संख्या तीनपंचमांश धरावी, या तरतुदीचे समर्थन तेथे करावयाचे आहे. एरवी प्रत्येक आक्षेपाला स्वतः उत्तर देणारा पब्लियस येथे मागे सरतो आणि दक्षिणेकडील एका बांधवाला बोलते करतो. कित्येक परिच्छेद अवतरणचिन्हांत जातात. कायदा गुलामाला काही बाबतींत व्यक्ती, तर काही बाबतींत मालमत्ता मानतो. घटनेनेही त्याला तसेच मानावे, असा त्या बांधवाचा युक्तिवाद. तो संपल्यावर पब्लियस म्हणतो की, यात काही ठिकाणी थोडी ओढाताण भासली, तरी एकंदरीत आपले समाधान झाले.

हा निबंध मॅडिसनचा, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मॅडिसन स्वतः व्हर्जिनियाचा, गुलामांचा मालक. म्हणजे न्यूयॉर्कच्या जनतेशी बोलण्यासाठी एका दक्षिणी लेखकाने पब्लियसचा मुखवटा चढविला आणि त्या मुखवट्याआडून दुसऱ्याच एका दक्षिणी माणसाचा आवाज काढला! निवेदनाच्या या दुहेरी अंतराला केवळ वक्तृत्वाची क्लृप्ती म्हणून सोडून देणे मला पटत नाही. स्वतःच्या नावाने, किंबहुना उसन्या नावानेही, जे म्हणवत नव्हते ते म्हणण्यासाठी येथे तिसरा वक्ता लागला. त्या वक्त्याच्याच तोंडी, कायद्याने हिरावलेले हक्क परत दिले तर या लोकांना समान प्रतिनिधित्व नाकारता येणार नाही, अशीही कबुली येऊन जाते. घटनेच्या मूळ मसुद्याने ‘गुलाम’ हा शब्द कटाक्षाने टाळला होता. ५४ व्या निबंधाला तो टाळता आलेला नाही.